वय, धंदा, राहणार

२ नोव्हेंबर, नांदेड

कोर्टातून निवृत्त झालो तेव्हा मिळालेली ही डायरी दोन वर्षं कपाटात कोरी पडून होती. आज उघडली, कारण आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं. साहेबांनी मला विधेयक लिहायला सांगितलं.

साहेब म्हणजे आमचे आमदार. निवृत्तीनंतर मी त्यांच्या कार्यालयात बसतो, लोकांचे अर्ज लिहून देतो, पत्रांची उत्तरं तयार करतो. एकतीस वर्षं न्यायालयात लिपिक होतो, त्यातली अठरा न्यायाधीशांसमोरच्या टेबलावर. कागद कसा बोलला पाहिजे हे आनंदराज गजभारेला कळतं, असं साहेबांचं मत आहे. माझंही आहे.

विषय औषधांचा. माणूस दवाखान्यात दाखल झाला तर राज्याची आरोग्य योजना खर्च उचलते. पण साखर, दमा, फिट, मनाचे आजार, म्हणजे ज्यांना जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांनी त्या मेडिकलवरून आपल्या खिशातून घ्यायच्या. त्या गोळ्याही योजनेत घ्या, आणि दवाखान्यातल्या मेडिकलवर त्याच औषधाचा स्वस्त प्रकार ठेवणं बंधनकारक करा, असं विधेयक साहेबांना मांडायचं आहे. सरकारतर्फे नाही, एका आमदाराचं स्वतःचं. अशी विधेयकं क्वचितच पास होतात हे मला माहीत आहे. पण मांडली तर जातात.

रेणुकाला सांगितलं. ती म्हणाली, "कायदा तुम्ही लिव्हणार? घरचा गॅस तर मलाच लावावा लागतोय."

९ नोव्हेंबर

नुसतं विधेयक कोण वाचतो? सोबत लोकांच्या खऱ्या चिठ्ठ्या जोडायच्या ठरल्या. डॉक्टरची चिठ्ठी आणि मेडिकलची पावती. व्यंकटीनं मोबाइलवरून सगळीकडे निरोप धाडला आणि चार दिवसांत टेबल भरलं. हा व्यंकटी मुरुडचा, साहेबांचे फोटो आणि व्हिडिओ टाकणं हे त्याचं काम. पोरगा नाही, चाळिशीचा आहे, पण अंगात स्वस्थपणा म्हणून नाही.

झेरॉक्स काढण्यापूर्वी प्रत्येक चिठ्ठीवरच्या नावावर मी पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवतो. हा माझा नियम. कोर्टात नाजूक खटल्यांत बाईचं नाव छापायचं नसतं, हे मी आयुष्यभर पाळलं आहे. व्यंकटी म्हणाला, "काका, येवढा टाइम कशाला घालवता?" मी म्हणालो, नाव झाकलं की माणूस झाकला. वाक्य चांगलं जमलं म्हणून इथे लिहून ठेवतो.

१६ नोव्हेंबर, मुदखेड

धाकट्या बहिणीकडे, पंचशीलाकडे आलो. मेहुणे शिक्षक होते, ते गेल्यापासून ती एकटीच असते. मुलगी विशाखा किनवट तालुक्यात एका संस्थेच्या निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. महिन्यातून एकदा घरी येते.

विशाखाची एक गोष्ट घरातल्या घरात राहिलेली आहे. अकरा वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, तिची झोप उडाली. आठवडाभर झोपलीच नाही, अखंड बोलत राहिली, मग एकदम गप्प होऊन भिंतीकडे तोंड करून पडली. लातूरला दाखल केलं. तेव्हापासून चार प्रकारच्या गोळ्या चालू आहेत आणि पोरगी ठणठणीत आहे. हे तिच्या आईला, मला आणि रेणुकाला माहीत. बाकी कुणाला नाही.

मी विधेयकाचं सांगितलं तेव्हा पंचशीला भाकरी थापत होती. आवाज खाली आणून बोलली, कारण भिंतीपलीकडे धुरपताबाई असतात आणि त्यांना गल्लीतलं सगळं लागतं.

"दादा, पोरगी आडवी पडली तर सरकार पैसे देतंय. उभी राहिली तर न्हाई. ह्ये कोणतं शहाणपण हाय?"

मी ताबडतोब ते तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. विधेयकाच्या उद्देशात हेच पाहिजे! मग तिला विशाखाची चिठ्ठी मागितली. तिनं पिठाचा हात मागं घेतला.

"इचारते तिला."

"तिला कशाला तरास? मी नाव झाकतो ना."

"नक्की झाकशील?"

"आता काय शपथ घ्यायला लावते का मला?"

ती हात धुऊन उठली आणि ट्रंकेतून चिठ्ठी काढून दिली.

२३ नोव्हेंबर

एकशे बारा चिठ्ठ्या झाल्या. प्रत्येकीची एक ओळ करून यादी तयार केली, कारण आमदारांना झेरॉक्स वाचायला वेळ नसतो. विशाखाची पहिली ठेवली, कारण तीच सगळ्यात बोलकी आहे. नाव अर्थातच नाही.

"१. स्त्री, वय ३४, धंदा नोकरी (मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका), रा. मुदखेड, ह. मु. ता. किनवट. मनाच्या आजारासाठी चार प्रकारच्या गोळ्या, अकरा वर्षे. दाखल असताना योजनेचा लाभ मिळाला. बरी झाल्यावर मिळाला नाही."

ह. मु. म्हणजे हल्ली मुक्काम. हे साहेबांना सांगावं लागलं. यादी वाचून त्यांनी चष्मा काढला. "गजभारे, ह्याच्यात माणूस दिसतो राव." दिवसभर मी हवेत होतो. येताना जिलेबी आणली.

रेणुकानं विचारलं, "विशाखाला सांगितलं का?"

"नाव कुठं आहे त्याच्यात?"

तिनं जिलेबी खाल्ली नाही. साखर वाढली असावी, तपासायला पाहिजे.

१२ डिसेंबर, नागपूर

आज विधेयक मांडलं गेलं. सभागृहात एक मिनिटही लागलं नाही, त्या दिवशी नुसती परवानगी घेतात, चर्चा पुढच्या अधिवेशनात. पण बाहेर पायऱ्यांवर कॅमेरे होते. साहेबांनी पंचशीलाचं वाक्य जोरात म्हटलं, आणि मग माझ्या यादीतला क्रमांक एक वाचून दाखवला. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. व्यंकटी व्हिडिओ काढत होता. मी साहेबांच्या मागे उभा होतो आणि फ्रेममध्ये नीट यावं म्हणून जरा डावीकडे सरकलो.

एक सांगतो. "वसतिगृहाची अधीक्षिका, तालुका किनवट" हे मोठ्यानं ऐकलं तेव्हा त्यात मला विशाखा दिसली. कागदावर वाचताना दिसली नव्हती. पण नाव तर नव्हतं. परतीच्या गाडीत व्यंकटीनं व्हिडिओ किती जणांनी बघितला ते तीन वेळा सांगितलं.

१५ डिसेंबर

पंचशीलाचा फोन. म्हणाली, "दादा, नाव झाकतो म्हनला व्हतास." आणि ठेवून दिला.

१६ डिसेंबर

व्हिडिओ किनवटच्या मोबाइलवरच्या गटागटांत फिरला. त्या तालुक्यात मुलींची वसतिगृहं बोटांवर मोजण्याइतकी. त्यात मुदखेडची अधीक्षिका एकच. चौतीस वर्षांची तर एकच.

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की एकतीस वर्षं मी त्याच्या नावाखाली काय लिहीत आलो? वय, धंदा, राहणार. हे का लिहायचं, तर एका नावाची चार माणसं असतात. हाच तो, दुसरा कुणी नव्हे, हे पक्कं व्हावं म्हणून. नावानं माणूस सापडत नाही, ह्या तीन गोष्टींनी सापडतो. हे नांदेडच्या कोर्टात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? हात सवयीनं लिहीत गेला आणि मी वरून पांढरी पट्टी लावून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

विशाखा फोन उचलत नाही. मला लाज वाटते असं लिहितो आहे, पण हा शब्द फारच लहान आहे.

२० डिसेंबर

किनवटच्या गाडीनं गेलो. शाळेच्या फाटकाशी पालक उभे होते, गोणपाटाच्या पिशव्या आणि मुली घेऊन. सात मुली आज घरी गेल्या. केवळाबाई नावाची एक आई विशाखाचा हात धरून उभी होती. "मॅडम, पोरीच्या बापानं न्यायला लावलं म्हून नेते बघा. माझ्या मनात काय न्हाई." पोरगी रडत होती आणि विशाखा तिच्या वेणीची रिबीन नीट बांधत होती.

संस्थेच्या सचिवांनी तिला रजेवर जायला सांगितलं आहे. डॉक्टरचा दाखला आणा, मग बघू. किती दिवस, ते नाही सांगितलं. शब्द सगळे गोड होते. "आराम करा मॅडम."

परतताना गाडीत समोरासमोर बसलो. हिमायतनगर गेलं. मग मी म्हणालो, "विशाखा, माझं चुकलं."

ती खिडकीतून बघत म्हणाली, "मामा, मला विचारलं असतं तर मी चिठ्ठी दिली असती."

मला वाटलं ऐकण्यात काहीतरी गडबड झाली.

"खरंच दिली असती. वय काढा, गाव काढा म्हणाले असते. बाकी दिली असती. असा कायदा मलाच सगळ्यात जास्त पाहिजे व्हता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

२६ डिसेंबर

साहेबांकडे गेलो. म्हणालो, संस्थेच्या सचिवांना एक फोन करा, बाई चांगली आहे, तिला कामावर घ्या. ती माझी भाची आहे हे सांगणार होतो. सांगितलं नाही. कार्यालयात चार माणसं बसली होती.

साहेब म्हणाले, "गजभारे, मी फोन केला तर ती तीच बाई आहे हे मीच कबूल केल्यासारखं होईल. तिचीच अडचण वाढेल. खरं का नाही?"

मी म्हणालो, "बरोबर आहे साहेब."

आणि समोरचा चहा पिऊन टाकला. गोड होता. तोही मी पूर्ण प्यालो.

८ जानेवारी

रेणुका कामापुरतं बोलते. जेवायला वाढलंय, पाणी आलंय, एवढंच. तिच्या जागी मी असतो तर तेवढंही बोललो नसतो.

२७ जानेवारी

पंचशीलाचा फोन आला, लगेच ये. गेलो. विशाखानं घरातली सगळी भांडी अंगणात काढली होती आणि घासत होती, घासलेली परत घासत होती. डोळे लाल. मला बघून भराभर बोलायला लागली, की तिनं एकेका मुलीच्या आईबापाला पत्र लिहिलं आहे, छत्तीस पत्रं झाली आहेत, मी ती तपासून द्यावीत, कारण मला कागदातलं कळतं. पत्रं सुरेख अक्षरात होती. प्रत्येकाच्या खाली तिनं स्वतःचं नाव, वय आणि पत्ता लिहिला होता.

पंचशीलानं मला चुलीपाशी ओढलं. "तीन आठवडे झाले, गोळ्या घेऊन न्हाई राहिली. मला म्हनाली नांदेडाहून आनते. कुठं आनते!"

"का पण?"

"इथल्या मेडिकलवर गेली व्हती. त्या मानसानं चिठ्ठी वाचली आन् बाकड्यावर बसल्याल्या लोकांकडं बघून हसला. परत गेलीच न्हाई ती."

म्हणजे अकरा वर्षं जी गोष्ट सांभाळली ती एका हसण्यानं गेली. त्या माणसाला दोष द्यायला मी सुरुवात केली होती, पण पंचशीला माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि मी थांबलो.

२९ जानेवारी, लातूर

तिला दाखल केलं. अकरा वर्षांपूर्वीचेच डॉक्टर आहेत, केस पांढरे झालेत. म्हणाले वेळेत आणलं, येईल जागेवर.

योजनेच्या खिडकीवर मी कागद घेऊन उभा राहिलो. आतली मुलगी फार चांगली होती, पटापट काम करत होती. शिधापत्रिका बघितली, डॉक्टरांचा कागद बघितला आणि हसून म्हणाली, "काळजी करू नका काका. आता बसतं योजनेत."

आता बसतं! पोरगी आडवी पडली, सरकार पैसे देणार. पंचशीला माझ्या बाजूलाच उभी होती. तिला तिचं वाक्य आठवलं की नाही मला माहीत नाही. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघण्याची हिंमत झाली नाही. ते वाक्य मी नागपूरपर्यंत नेलं, टाळ्या घेतल्या, आणि खरं करूनही दाखवलं.

मग अर्ज भरायचा होता. नाव लिहिलं. वय लिहिलं. धंद्यापाशी पेन थांबलं.

"अधीक्षिका लिव्ह," पंचशीला म्हणाली. "अजून काढलं न्हाई तिला."

लिहिलं. राहणारही लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की त्या मुलीनं पुन्हा विचारून घेतलं.

१४ फेब्रुवारी

विशाखाला घरी सोडलं. बारीक झाली आहे, सावकाश बोलते, पण तिची ती आहे. बसमध्ये तिनं विधेयकाची प्रत मागितली. माझ्या पिशवीत असते हे तिला ठाऊक होतं. लातूरपासून अहमदपूरपर्यंत वाचत होती. मग चौथ्या कलमावर बोट ठेवलं.

"मामा, ह्या गोळीला दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. जास्त झाली तर विष, कमी झाली तर उपयोग न्हाई. गोळी योजनेत आणि तपासणी बाहेर, मग काय फायदा?"

एकशे बारा चिठ्ठ्या वाचून मला हे दिसलं नव्हतं. तिथल्या तिथे मी समासात दुरुस्ती लिहिली. ती वाचून म्हणाली, "दमा आणि फिटवाल्यांचंही बघा, त्यांच्याही असतील तपासण्या." ज्या कागदानं तिचं घर उठलं तो कागद ती सुधारून देत होती, आणि मी लिहून घेत होतो. मला दुसरं येतं काय?

१३ मार्च, मुंबई

आज चर्चा होती. भाषण मीच लिहिलं होतं. त्यात "एक महिला" एवढंच ठेवलं होतं. साहेब काल म्हणाले, "ह्याच्यातला दम कुठं गेला?" मी म्हणालो, साहेब, त्या बाईला त्रास झाला. ते बरं म्हणाले.

मी वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. साहेब चांगले बोलले. रक्ताच्या तपासणीचा मुद्दा आला तेव्हा दोन सदस्यांनी बाक वाजवला. आणि मग साहेब रंगात आले, कागद खाली ठेवला आणि वय चौतीस, मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका, राहणार मुदखेड, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांना पाठ होतं. माझं लिखाण पाठ व्हावं असंच असतं.

मंत्री उठले. शासन सकारात्मक आहे, अभ्यास करण्यासाठी समिती नेमू, सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. साहेबांनी आभार मानले आणि मागे घेतलं. सभागृहाची अनुमती झाली. पुढचा विषय सुरू झाला तेव्हा मी अजून पिशवीत चष्म्याचं घर शोधत होतो.

विधेयक गेलं. भाषण मात्र कामकाजाच्या नोंदीत राहिलं. नोंद कशी टिकते हे मला सांगायला नको.

बाहेर येऊन विशाखाला फोन लावला. म्हणाली, "बघत व्हते मामा, मोबाइलवर दाखवत व्हते."

मी भाषणाची माझी प्रत पिशवीत तळाशी कोंबली.

"रक्ताच्या तपासणीचं आलं त्याच्यात," ती म्हणाली. "ते बरं झालं." आणि मग, "जेवलात का तुम्ही?"

५ एप्रिल

साहेबांचं काम सोडलं. डोळ्यांचं कारण सांगितलं. त्यांनी शाल दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, व्यंकटीनं फोटो काढला.

रेणुकानं विचारलं, "खरं कारण सांगितलं?"

"न्हाई."

तिनं शाल घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

२० एप्रिल, मुदखेड

संस्थेचं पत्र आलं. जूनपासून विशाखाला परत घेणार. डॉक्टरचा दाखला दर सहा महिन्यांनी, आणि पहिलं वर्ष वसतिगृहावर तिच्या वर दुसऱ्या बाई. केवळाबाईनं तीन-चार आयांना घेऊन सचिवांचं दार धरलं होतं म्हणे. मी काही केलं नव्हतं, तरी पत्र मी दोनदा वाचलं, शुद्धलेखनासकट.

विशाखा म्हणाली, "मामा, एक काम कराल?"

"सांग की."

"जूनपर्यंतच्या गोळ्या तुम्ही आणा. लातूरहून, डॉक्टरांच्या खालच्या मेडिकलमधून. त्या मेडिकलवाल्याला माहीत हाय, तिथं काय न्हाई. पण दारात कुणी वळखीचं भेटलं, विचारलं, तर तुमच्या म्हणून सांगा. माझं नाव लई फिरलं आता. जरा बसू द्या त्याला."

"एवढंच ना?"

"एवढंच."

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत कुणीतरी मला काहीतरी करू दिलं होतं.

४ मे, लातूर

बसमध्ये सराव केला. माझ्याच गोळ्या. झोप येत नाही, वय झालं, डॉक्टरांनी दिल्यात. तीन तऱ्हेनं म्हणून बघितलं. बाजूचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

गोळ्या मिळाल्या. पिशवीत टाकून पायरी उतरतो तोच समोरून हाक आली. "गजभारे काका! जय भीम!" व्यंकटी. मुरुडहून कसल्या तरी कामाला आला होता, हातात उसाच्या रसाचा ग्लास. त्यानं माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मग मान वर करून पाटी वाचली.

"हितं कुठं? ह्यो तर डोक्याचा डॉक्टर हाय. कुणाच्या गोळ्या?"

आणि मी हसलो. खरंच हसलो! "अरे न्हाई न्हाई. मला काय धाड भरलीय? भाचीच्या हायेत."

एवढं सोपं वाक्य होतं ते. माझ्या. दोन अक्षरं. लातूरच्या रस्त्यावर एका व्यंकटीनं मला दोन मिनिटं वेडा समजू नये म्हणून मी तिला पुन्हा पुढे केलं. कुणी धमकावलं नव्हतं, कसला दबाव नव्हता. तिनं अकरा वर्षं जे वाहिलं ते मला रस्ता ओलांडेपर्यंतही वाहता आलं नाही.

व्यंकटीचा चेहरा हळूहळू बदलला. "भाची... म्हंजे ती किनवटची? काका, ती तुमची भाची व्हय?"

मी मान हलवली.

"मला म्हाईत न्हवतं काका. आईशपथ. सांगायचं तरी! मी टाकला असता का तसला व्हिडिओ?" त्यानं ग्लास गाड्यावर ठेवला, हात पँटला पुसला, मोबाइल काढला आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या तो व्हिडिओ काढून टाकला. "दुसऱ्यांनी उचलला आसंल त्याचं काय करावं? सांगतो त्यांना बी."

अर्धं मिनिट लागलं त्याला. पाच महिन्यांत मी त्याला हे एकदाही सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे ती माझी कोण, हे सांगावं लागलं असतं.

५ मे, मुदखेड

सकाळी गोळ्या घेऊन गेलो. विशाखा भाजी निवडत होती.

"कुणी भेटलं का मामा?"

नाही म्हणायचं येताना ठरवलं होतं. तोंड बघून म्हणवलं नाही. सगळं सांगितलं, व्यंकटी, पाटी, माझं हसणं, सगळं. पंचशीलानं ऐकलं आणि परातीतलं पीठ मळायला घेतलं, फार जोरानं.

विशाखानं पाकीट उघडलं, एक गोळी काढली, तांब्यातलं पाणी घेतलं आणि माझ्यासमोर गिळली. मग म्हणाली, "पुढच्या महिन्याला परत जा."

"मी?"

"दुसरं कोण? परत कुणीतरी विचारंल. काय सांगाल?"

"माझ्या हायेत म्हणीन."

"म्हणा की मग."

"आत्ता?"

"हाव, आत्ता. तिथं जमत न्हाई तर इथं तरी म्हणा."

एकसष्टाव्या वर्षी बहिणीच्या स्वयंपाकघरात मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "माझ्या गोळ्या हायेत." ऐकू येण्यासारखं नव्हतं. विशाखा म्हणाली, मोठ्यानं. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्या वेळी आवाज निघाला, जरा जास्तच निघाला, आणि भिंतीपलीकडे बादली ठेवल्याचा आवाज आला.

"कुणाच्या गोळ्या गं पंचशीला?" धुरपताबाईंनी विचारलं. "कुणाला काय झालंय?"

पंचशीलाचे हात परातीत थांबले. मी तोंड उघडलं. आता सांगायचं, दुसरं काही नाही, आत्ताच तीनदा म्हटलेलं चौथ्यांदा म्हणायचं. तोंड उघडं होतं आणि मी भिंतीकडे बघत होतो.

"माझ्या हायेत मावशी," विशाखा म्हणाली. भाजीवरची नजर तिनं वर केली नाही. "मनाच्या आजाराच्या. अकरा वर्षं घेते."

पलीकडून पावलं भिंतीजवळ आली. मग धुरपताबाई म्हणाल्या, "आमच्या थोरल्याला बी पायजे व्हत्या गं. दवाखान्यात न्हेलाच न्हाई कुणी त्याला."

विशाखा उठून भिंतीपाशी गेली. दोघी बोलत राहिल्या. मी तिची राहिलेली मेथी पुढे ओढली आणि निवडत बसलो.